जाळीच्या पंचावरचा सोनेरी थर आठवड्यात का सोलला, आणि कोणता टिकेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर थ्रेशरच्या आणि दालमिलच्या जाळ्या पाडतात. पंच म्हणजे पत्र्यात भोक पाडणारा पोलादी दांडा, आणि डाय म्हणजे पत्र्याखालचा त्याच्या जोडीचा भोकाचा ठोकळा. पत्रा दोन जातींचा: थ्रेशरसाठी एक मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा लेप दिलेला पत्रा), आणि दालमिलवाले मागतात म्हणून ३०४ स्टेनलेस. पंच ओएचएनएसचे (तेलात विझवून कडक होणारं टूल पोलाद), लेथवर घरीच केलेले, हार्डनिंग नागपूरहून. पत्रा पंचाला चिकटतो, धार लवकर बसते, म्हणून पुण्याकडून ‘सोनेरी कोटिंग’ करून आणलं. आठवडाभरात धारेजवळचा थर गेला. कोटिंगवाल्याने फसवलं का, दुसरं कोणतं कोटिंग घ्यावं, आणि हेच रोटाव्हेटरच्या पात्यांवर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, कोटिंगवाल्याला बोल लावायच्या आधी तो पंच हातात घेऊन तपासा. माझा संशय थरावर नाही, थराखालच्या पोलादावर आहे.

सोनेरी थर म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. पंच निर्वात भट्टीत टांगतात, टायटॅनियमची वाफ करतात, आत नायट्रोजन सोडतात, आणि दोन्ही मिळून पंचावर दोन ते चार मायक्रॉनचा थर बसतो. आपल्या डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हा थर फार कठीण असतो, साधारण २३०० व्हिकर्स (कठीणपणाचं एक माप). तुमचा ६० एचआरसीचा (रॉकवेल या दुसऱ्या मापावरचा) पंच व्हिकर्सवर ७०० च्या आसपास येतो. हे सगळं खरं आहे आणि १९८०च्या सुमारास सोनेरी ड्रिल बाजारात आले तेव्हापासून कारखान्यांत सिद्धही झालेलं आहे. अडचण एकच: हा थर बसवताना पंच साधारण ४५० डिग्रीला काही तास तापलेला असतो.

आता ओएचएनएस आठवा. ८०० डिग्रीच्या आसपास तापवून तेलात विझवतात आणि मग ठिसूळपणा घालवायला पुन्हा २०० डिग्रीला तापवतात, म्हणजे टेम्पर करतात, तेव्हा ६० एचआरसी मिळते. तोच पंच पुन्हा ४५० डिग्रीला तासन्‌तास ठेवला की ते दुसरं टेम्परिंगच झालं. कठीणपणा पन्नासवर किंवा त्याच्याही खाली येतो. वरून पंच सोन्यासारखा दिसतो, आत मात्र तो पंच राहिलेला नसतो. काळ्या मातीवर मुरूम न भरता थेट शहाबादी फरशी टाकली तर फरशी कितीही चांगली असो, खालची माती हलली की ती तडकतेच. इथे तेच झालं आहे. प्रेसचा दाब आला, खालचं मऊ पोलाद दबलं, वरच्या कडक थराला दबता येत नाही, तो फुटला.

हा माझा अंदाज आहे, आणि तुम्हाला तो घरच्या घरी पडताळता येईल.

पहिलं काम, पंचाच्या दांड्यावर रॉकवेल मशीनने कठीणपणा मोजून घ्या. यवतमाळ-अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मटेरियल टेस्टिंगची लॅब असते, तिथे हे पाच मिनिटांचं काम आहे. थर इतका पातळ असतो की रॉकवेलचा हिरा त्याला जुमानत नाही, आकडा खालच्या पोलादाचाच मिळतो. तो पंचेचाळीस-पन्नासमध्ये आला तर वाद संपला.

त्याच मशीनवर आणखी एक गोष्ट बघून घ्या. हिऱ्याने जो खड्डा पाडला, त्याच्या काठाकडे भिंगातून पाहा. थर नीट धरलेला असेल तर खड्ड्याभोवती बारीक केसासारख्या चिरा दिसतात, पण तुकडा निघालेला नसतो. काठाभोवती पापुद्रे निघून उघडं पोलाद दिसत असेल तर थर मुळातच धरलेला नव्हता. कोटिंगवाले स्वतःही हीच परीक्षा करतात आणि एचएफ १ ते ६ अशी प्रत लावतात. चारपर्यंत चालतं, पाच-सहा नापास. पण लक्षात ठेवा, ही परीक्षा कडक पोलादावरच खरी बोलते. पंच मऊ पडला असेल तर आधी कठीणपणाचा आकडा बघा, मग काठ.

दुसरं काम मोरचुदाचं. संत्र्याच्या बागेला बोर्डो करणाऱ्या कुणाकडेही तो मिळेल. चिमूटभर मोरचूद अर्ध्या कपात पाण्यात विरघळवा. कप काचेचा किंवा प्लास्टिकचा घ्या, लोखंडी वाटी नको. पंच आधी पेट्रोलने पुसून तेलाचा अंश काढा आणि कापसाच्या बोळ्याने ते निळं पाणी धारेजवळ लावा. जिथे पोलाद उघडं पडलं आहे तिथे काही सेकंदांत तांब्याचा गुलाबी डाग चढतो. जिथे थर शाबूत आहे तिथे सोनेरी ते सोनेरीच राहतं. आणि जिथे जीआय पत्र्याचा जस्त पंचाला लागून बसला आहे तिथे काळपट डाग येतो. हे तीन रंग वेगळे ओळखता आले की निम्मं निदान झालं. कारण पुष्कळदा असं होतं की थर गेलेलाच नसतो, त्याच्यावर जस्ताचा राखाडी लेप बसलेला असतो आणि मालकाला वाटतं सोनं उडालं. परीक्षा झाल्यावर पंच पाण्याने धुऊन, कोरडा करून तेल लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज दिसेल. हात धुवा, उरलेलं पाणी गुरांच्या वाटेत टाकू नका.

थर खरोखरच गेला असेल तर कसा गेला तेही दहापट भिंगाखाली दिसतं. जागा खोलगट झाली आहे आणि तिच्याभोवती वर्तुळाकार चिरा आहेत, तर पोलाद दबलं. जागा सपाट आहे, कडा कापल्यासारखी सरळ आहे आणि खाली स्वच्छ चकचकीत धातू आहे, तर पंच भट्टीत गेला तेव्हा त्यावर काहीतरी होतं: तेल, पॉलिशचं मेण, गंजाचा अंश. आणि निघालेल्या पापुद्र्याच्या पाठीला राखाडी, खरबरीत कातडी चिकटलेली असेल तर पंच वायरकटवर, म्हणजे विजेच्या ठिणगीने तारेने कापणाऱ्या मशीनवर, कापलेला असणार. वायरकटमध्ये ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेली काही मायक्रॉनची साय पंचावर राहते. ती मूळ पोलादाला धड धरून नसते. तिच्यावर कितीही उत्तम थर द्या, साय निघाली की थर घेऊनच निघते. तुमचे पंच लेथवरचे आहेत म्हणून हा प्रश्न तुम्हाला नसावा, पण पुढे चौकोनी किंवा लांबट भोकांचे पंच वायरकट करून घ्याल तेव्हा ती साय घासून काढल्याशिवाय पाठवू नका.

आता कोटिंग कोणतं, याकडे येतो. इथे एक गैरसमज मला फार ठिकाणी दिसतो: सोनेरी म्हणजे गुळगुळीत. तसं नाही. पोलादावर पोलाद कोरडं घासलं तर घर्षणांक ०.६ ते ०.८ असतो. टायटॅनियम नायट्राइडचा पोलादाशी ०.४ ते ०.६. म्हणजे फरक आहे, पण थोडा. त्याचा खरा गुण वेगळा आहे, दुसरा धातू त्याला सहजासहजी वेल्ड होत नाही. स्टेनलेसचा पत्रा मात्र इतका चिकट की त्यापुढे हा गुण कमी पडतो. पंच पत्र्यातून परत वर येताना भोकाच्या भिंतीला घासतो, तिथे स्टेनलेसचे कण पंचाच्या बाजूला चिकटतात, पुढच्या ठोक्याला तेच कण ओरखडे काढतात आणि पंच भोकात अडकू लागतो. स्टेनलेससाठी टायटॅनियम कार्बोनायट्राइड घ्या. रंग निळसर-राखाडी किंवा तांबूस येतो, कठीणपणा ३००० व्हिकर्सच्या आसपास आणि घर्षणांक ०.२ ते ०.४. उष्णता याला फार सोसत नाही, ४०० डिग्रीच्या वर हा हवेत बिघडू लागतो, पण एक मिलिमीटरच्या पत्र्यात भोकं पाडताना तितकं तापमान येत नाही. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड नावाचं जांभळट-काळं कोटिंग कुणी महाग म्हणून सुचवेल. ते आठशे डिग्रीपर्यंत टिकतं, कोरड्या मिलिंगला आणि ड्रिलिंगला उत्तम आहे. तुमच्या प्रेसवर त्या गुणाचे पैसे वाया जातील.

पण कार्बोनायट्राइडसुद्धा साडेचारशेच्या आसपासच बसवतात. म्हणून स्टेनलेसचे पंच ओएचएनएसमध्ये करायचेच नाहीत. नियम असा: ज्या तापमानाला कोटिंग होणार, त्याच्यापेक्षा किमान वीस-तीस डिग्री वर पोलादाचं शेवटचं टेम्परिंग झालेलं असलं पाहिजे. यात डी-टू नावाचं टूल पोलाद बसतं. ते ५२० डिग्रीला दोनदा टेम्पर केलं तरी ५८ ते ६० एचआरसी राहतं. इथे खरेदीला जपा. आपल्याकडे दुकानदार ‘एचसीएचसीआर’ म्हणून डी-टू आणि डी-थ्री दोन्ही देतात. डी-थ्रीत कार्बन दोन टक्के असतो, मॉलिब्डेनम नसतं, आणि वरच्या टेम्परिंगला ते डी-टूसारखं टिकून राहत नाही. बिलावर डी-टू लिहून घ्या आणि जमलं तर टेस्ट सर्टिफिकेट मागा. पाच मिलिमीटरच्या आतले बारीक पंच असतील तर सरळ एम-टू हायस्पीड स्टील घ्या. त्याचं टेम्परिंगच ५५० डिग्रीच्या आसपास होतं, कोटिंगची भट्टी त्याला काहीच करत नाही आणि पंच मोडण्याचं प्रमाणही कमी राहतं.

हार्डनिंगवाल्याला नुसतं ‘साठ पाहिजे’ सांगून भागत नाही. तो डी-टू २०० डिग्रीला टेम्पर करून ६०-६१ आणून देईल, तुम्ही मोजाल, खूश व्हाल, आणि कोटिंगच्या भट्टीत ते बदलेल. शिवाय खालच्या टेम्परिंगमध्ये डी-टूच्या पोटात ऑस्टेनाइट (पोलादाचं एक अस्थिर रूप) शिल्लक राहतं, ते पुढच्या तापात रूप बदलतं आणि पंचाचं माप हलतं. चलानवर लिहून द्या: डी-टू, ५२० डिग्रीला दोन टेम्परिंग, कठीणपणा ५८ ते ६०, पुढे कोटिंग होणार आहे. ही एक ओळ कोटिंगच्या बिलापेक्षा जास्त कामाची आहे.

जीआयचं गणित वेगळं आहे. तिथे चिकटतो तो पत्र्यावरचा जस्त, मऊ धातू. मऊ धातूंसाठी, म्हणजे जस्त, अ‍ॅल्युमिनियम वगैरेंसाठी, हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा थर सगळ्यात चांगला, त्याला सगळे डीएलसी म्हणतात. घर्षणांक कोरड्यातही ०.१ ते ०.२, आणि जस्त त्याला धरत नाही. तुमच्या कामाला याचा आणखी एक फायदा आहे. जाळी धान्याला लागणार, म्हणून पत्र्यावर भरपूर तेल सोडणं तुम्हाला आवडत नाही आणि दालमिलवाल्यालाही नको असतं. घर्षण कमी असेल तर तेलाचा नुसता हात फिरवून काम चालतं.

डीएलसीची दुसरी सोय म्हणजे ते कमी तापमानाला, २०० डिग्रीच्या आसपास किंवा त्याखालीही बसवता येतं. म्हणजे तुमचे आहेत ते ओएचएनएसचे पंच वाया घालवायची गरज नाही. मात्र कोटिंगवाल्याकडून त्याच्या भट्टीचं तापमान लेखी घ्या. ‘लो टेंपरेचर’ या शब्दावर जाऊ नका. कुणाचं लो दीडशे असतं, कुणाचं अडीचशे. ओएचएनएससाठी मी १८० च्या वर जाऊ देणार नाही. खाली क्रोमियमचा जोडथर देतात का तेही विचारा, तो नसेल तर डीएलसी पोलादाला नीट धरत नाही. आणि या थराच्या पोटात ताण फार असतो, म्हणून जाड थर मागू नका. दोन मायक्रॉन पुष्कळ झाले. दीड-दोन मिलिमीटरच्या स्टेनलेसवर हा थर धारेवरून उडतो, तिथे वापरू नका. तीनशे डिग्रीच्या वर तो हळूहळू ग्राफाइट होतो, पण तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

पंच पाठवण्याआधीची तयारी हा असा भाग आहे ज्यात वर्कशॉपवाल्याचा हात कोटिंगवाल्यापेक्षा मोठा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थर खालच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करतो. ओरखडा असेल तर ओरखड्यावर थर बसतो आणि ओरखडा कायम राहतो, आता तोही कडक झालेला. लेथवर पंच फिरवून पॉलिश केला की रेषा आडव्या, गोल फिरणाऱ्या येतात. पंच खाली-वर जातो, म्हणजे प्रत्येक आडवी रेषा पत्र्याला कानशीसारखी घासते. शेवटचं पॉलिश नेहमी पंचाच्या लांबीच्या दिशेने करा: ६०० चा पेपर, मग १००० चा, मग लाकडी पट्टीवर डायमंड पेस्ट. नखाला काहीच लागलं नाही पाहिजे.

धारेवर ग्राइंडिंगची बर (धातूची बारीक उठलेली कोर) राहिली असेल तर थर त्या बरीवर बसतो आणि पहिल्या काही ठोक्यांत बर मोडली की धारेवरचा थर तिच्याबरोबर जातो. बारीक ऑइल स्टोन धारेवरून अलगद एक-दोन वेळा फिरवा. धार बोथट करायची नाही, फक्त बर काढायची. ग्राइंडिंग करताना पंच निळा पडला असेल तर तो भाग जळाला, तिथे थर देऊन उपयोग नाही. मॅग्नेटिक चकवरून उतरलेला पंच डीमॅग्नेटाइज करा, नाहीतर लोखंडाचा भुसा चिकटून भट्टीपर्यंत जातो. पंचाला जुनं हार्ड क्रोम, ब्लॅकनिंग, जस्ताचा लेप किंवा ब्रेझिंग असेल तर आधी सांगा. निर्वात भट्टीत जस्त उडतो आणि सगळी बॅच खराब होते. सिलिकॉनचा स्प्रे तर पंचाच्या जवळही नको. साधं पातळ तेल लावा, प्रत्येक पंच गंजरोधक कागदात वेगळा गुंडाळा, एकमेकांवर आपटू देऊ नका. पावसाळ्यात पाठवत असाल तर उघड्या हाताने धरलेल्या बोटांच्या ठशावर दोन दिवसांत गंज येतो, आणि तो ठसा पुढे थराखाली राहतो.

डायच्या भोकाला कोटिंग करायचा आग्रह धरू नका. ही वाफ सरळ रेषेत जाते, भोकाच्या व्यासापेक्षा जास्त खोल धड पोचत नाही. पंचावर पैसे घाला, डाय चांगल्या डी-टूची ठेवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही पण पुढे येईलच: धार बसली की पंचाचं तोंड ग्राइंड करावं लागतं, मग कोटिंगचा काय उपयोग? उपयोग राहतो. ग्राइंडिंगने फक्त तोंडावरचा थर जातो. पत्रा चिकटतो तो पंचाच्या बाजूला, आणि बाजूचा थर तसाच असतो. म्हणून कोटेड पंच तोंड घासून पुन्हा पुन्हा वापरता येतो. बाजूचा थर झिजला की मग पुन्हा पाठवायचा, आणि जुना थर उतरवूनच नवा चढवायला सांगायचा.

प्रेसबद्दल थोडंच बोलतो, पण ते आधी करा. रॅमच्या (प्रेसच्या खाली-वर जाणाऱ्या भागाच्या) गिबमध्ये, म्हणजे त्याला सरळ धरणाऱ्या पट्टीत, ढिलेपणा असेल तर पंच सरळ उतरत नाही, एका बाजूने डायला घासतो, आणि त्यापुढे जगातलं कोणतंही कोटिंग हरतं. पंच एका बाजूला जास्त झिजलेला दिसत असेल तर दोष तिथे आहे. क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डाय यांच्यातली फट, जीआयला दर बाजूला पत्र्याच्या जाडीच्या सहा-सात टक्के, स्टेनलेसला नऊ-दहा टक्के ठेवा. दोन्ही पत्र्यांना एकच डाय वापरत असाल तर स्टेनलेस चिकटण्याचं एक कारण तेच आहे. आणि पंच पत्र्यातून आरपार झाल्यावर डायमध्ये अर्धा-एक मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. जितका खोल, तितकं घासणं जास्त.

रोटाव्हेटरच्या पात्यांवर हे कोटिंग नको. मातीतली वाळू कठीणपणात १००० व्हिकर्सच्या वर असते. थर वाळूपेक्षा कडक आहे हे खरं, पण तो तीन मायक्रॉनचा आहे आणि खाली पात्याचं पोलाद वाळूपेक्षा मऊ आहे. खडा दाबला गेला की पोलाद दबतं, थर फुटतो, म्हणजे तुमच्या पंचाचीच गोष्ट, फक्त आठवड्याऐवजी पहिल्या वावरात. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे, आणि बरडावर मुरूम, दगड. तिथे मिलिमीटरच्या जाडीची भाषा लागते, मायक्रॉनची नाही. क्रोमियम कार्बाइडच्या हार्डफेसिंग रॉडचा (वेल्डिंगने कडक थर चढवणाऱ्या रॉडचा) एकच पास पात्याच्या पाठीकडून धारेलगत मारा आणि पातं सावकाश थंड होऊ द्या. पाण्यात विझवू नका, तडकेल. तेलघाण्याच्या वर्मलाही (बी दाबणाऱ्या स्क्रूलाही) हेच लागू आहे, सरकी आणि जवसाबरोबर माती-वाळू येतेच. कडबा कुट्टीची पाती तर इतक्या वेळा धारेला जातात की थर टिकायचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडचे टॅप मात्र कोटेड घ्या. स्टेनलेसमध्ये आटे पाडताना टॅप मोडतो तो बहुतेक वेळा चिकटूनच मोडतो.

आता करायचं काय. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की जाळ्यांची मागणी वाढते आणि तेव्हा प्रयोग होत नाहीत, म्हणून हे काम दसऱ्याच्या दोन महिने आधी करा. एकाच मापाचे डी-टूचे सहा पंच करा. सहाही एकाच बॅचमध्ये हार्डनिंगला द्या. त्यातले तीन कार्बोनायट्राइडला पाठवा, तीन तसेच ठेवा. शिवाय ओएचएनएसचे कोटिंग न झालेले दोन पंच असतील तर डीएलसीला द्या. कोटिंगवाले एखाद-दोन पंचांसाठीही किमान बिल लावतात, म्हणून पुसद-यवतमाळकडच्या आणखी एखाद्या प्रेसवाल्याचं काम बरोबर घातलं तर दोघांनाही परवडतं. सोबत त्याच डी-टूचा, त्याच भट्टीतून निघालेला एक छोटा चकत्यासारखा तुकडा पॉलिश करून द्या आणि सांगा की रॉकवेलचा खड्डा याच्यावर पाडून तुकडा परत पाठवा. चांगला कोटिंगवाला याला नाही म्हणत नाही.

पंच आले की प्रेसजवळ वही ठेवा. कोणता पंच, कोणता पत्रा, किती भोकांनंतर तोंड घासावं लागलं, घासताना किती काढलं, एवढंच लिहायचं. काउंटर नसेल तर जाळ्या मोजा, एका जाळीत भोकं किती ते तुम्हाला माहीतच आहे. पंचाची किंमत, हार्डनिंग, कोटिंग आणि पार्सल यांची बेरीज करून एकूण भोकांनी भागा. ग्राइंडिंगला प्रेस जितका वेळ बंद राहिला तो वेळही खर्चात धरा, कारण हंगामात तोच सगळ्यात महाग असतो. स्टेनलेसवर कोटेड पंच पुढे जातील असा माझा कयास आहे. साध्या जीआयवर, प्रेस नीट केल्यावर आणि डी-टू वापरल्यावर, कदाचित कोटिंगची गरजच उरणार नाही. तसं निघालं तर ते पैसे गिब बदलण्यात घाला.

रॉकवेलचा आकडा आणि मोरचुदाचे डाग काय निघाले ते कळवा. पंचाचं तोंड आणि बाजू, दोन्हीचा फोटो भिंगातून काढून पाठवला तर आणखी नेमकं सांगता येईल.